एडिटरमधला मजकूर आणि त्याची सजावट: वाचकांचे प्रश्न

संकेतस्थळावर लेख चढवताना वर बटणांची पट्टी असलेली जी लिहिण्याची चौकट समोर येते, तिच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. त्या चौकटीला सगळेच ‘एडिटर’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर गेल्या बारा वर्षांतले सुमारे ९०० लेख आहेत. अलीकडेच संकेतस्थळाची नवी रचना करून घेतली. तिच्यात वाचकाला गडद पार्श्वभूमी निवडता येते. नवे लेख व्यवस्थित दिसतात; परंतु जुन्या लेखांतले काही परिच्छेद गडद पार्श्वभूमीवर दिसेनासेच होतात, काही ओळींमागे पांढरे पट्टे उमटतात आणि मथळ्यांचा आकार तर प्रत्येक लेखात निराळा आहे. रचनाकार म्हणतात की दोष मजकुरात आहे. आम्ही एडिटरने दिलेली बटणेच वापरली, मग दोष मजकुरात कसा?

उत्तर: रचनाकारांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपली तक्रारही रास्त आहे. एडिटरच्या पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेली बटणे दोन अगदी वेगळ्या जातींची असतात, पण हे ती पट्टी कोणालाही सांगत नाही. ‘मथळा २’, ‘यादी’, ‘अवतरण’, ‘दुवा’ ही बटणे मजकुराबद्दल काही तरी सांगतात: ही ओळ मथळा आहे, हे शब्द दुसऱ्या कोणाचे आहेत. ‘फॉन्ट’, ‘आकार’, ‘रंग’, ‘मध्यभागी’ ही बटणे मजकुराबद्दल काहीच सांगत नाहीत. लिहिणाऱ्याला त्या दिवशी, त्याच्या पडद्यावर, तो मजकूर कसा दिसायला हवा होता, एवढीच नोंद ती करून ठेवतात.

एक ओळ जवळून पाहू. ‘सभासदांसाठी सूचना’ एवढे दोनच शब्द आहेत असे धरा. एका लेखनिकाने ते लिहून ‘मथळा २’ निवडले. साठवणीत गेले ते इतके: ‘एच-टू’ हा टॅग (कोडमध्ये मजकुराभोवती घातली जाणारी खूण) सुरू, दोन शब्द, ‘एच-टू’ समाप्त. दुसऱ्याने तेच शब्द निवडून ठळक केले, आकार २४ केला, निळा रंग दिला आणि ओळ मध्यभागी आणली. साठवणीत गेला तो एक परिच्छेद, त्यावर ‘मध्यभागी’ अशी चिठ्ठी. त्याच्या पोटात २४ पिक्सेल आकार सांगणारा एक ‘स्पॅन’, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेला टॅग. त्याच्या पोटात रंगाचा सहा आकडी संकेत सांगणारा दुसरा ‘स्पॅन’. त्याच्या पोटात ठळकपणाचा टॅग. आणि सगळ्यांच्या तळाशी ते दोन शब्द. पडद्यावर या दोन ओळी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. मात्र पान उघडले की पहिली ओळ संकेतस्थळाच्या स्टाइलशीटला, म्हणजे रूपाचे नियम एकत्र लिहून ठेवलेल्या फाइलला, दर वेळी नव्याने विचारते की येथे दुसऱ्या पातळीचा मथळा कसा दिसतो. दुसरी ओळ कोणालाच विचारत नाही. बारा वर्षांपूर्वीचे उत्तर ती अंगावर गोंदवून बसलेली असते, आणि अंगावरची चिठ्ठी बाहेरच्या नियमापेक्षा वरचढ मानायची, असाच स्टाइलशीटचा कायदा आहे.

आपण म्हणाल की आम्ही काळा रंग कधी निवडलाच नव्हता. बहुधा निवडला नसेलच. लेख दुसरीकडे लिहून एडिटरमध्ये पेस्ट केला की ‘अक्षरे काळी’ आणि पुष्कळदा ‘पार्श्वभूमी पांढरी’ अशा चिठ्ठ्या आपोआप सोबत येतात. पांढऱ्या पानावर त्या असल्या काय आणि नसल्या काय, कळायला मार्गच नव्हता. पान गडद झाले तेव्हा काळी अक्षरे काळीच राहिली आणि नाहीशी झाली. जिथे पांढऱ्या पार्श्वभूमीचीही नोंद होती तिथे पांढरे पट्टे उमटले. तेव्हा नव्या रचनेने काही बिघडवलेले नाही. आधीच असलेला गुंता तिने उजेडात आणला, इतकेच.

हा गुंता झाला कसा, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. ‘जे दिसते तेच मिळते’ ही कल्पना छापील कागदासाठी जन्मली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ साली तयार झालेल्या ‘ब्राव्हो’ या लेखन-प्रणालीत ती प्रथम नीट उतरली. कागदाची लांबी-रुंदी ठरलेली असते, म्हणून तिथे ते वचन खरे ठरते. वेबवर मात्र ‘जे दिसते’ ते केवळ लिहिणाऱ्याला दिसते; वाचणाऱ्याच्या हातात फोन असेल, मोठा पडदा असेल, किंवा मजकूर वाचून दाखवणारा आवाज असेल. हे ओळखूनच संगणकतज्ज्ञ होकन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची, म्हणजे स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात तिची, पहिली अधिकृत शिफारस प्रसिद्ध झाली. दरम्यान ब्राउझर बनवणाऱ्यांनी ‘फॉन्ट’सारखे टॅग रूढ करून टाकले होते. टॅग ज्या भाषेचे असतात त्या एचटीएमएलच्या जानेवारी १९९७ मधल्या ३.२ या आवृत्तीत त्या टॅगला अधिकृत स्थान मिळाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४.० ने तो वापरू नये असे सांगितले. वर्षाच्या आरंभी ज्याला घरात घ्यायचे त्यालाच वर्षअखेर दार दाखवायचे, असा तो प्रकार होता. पुढे २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या ५.५ या आवृत्तीत पानाचा कोणताही भाग थेट लिहिण्याजोगा करण्याची सोय आली, त्या सोयीवर एडिटर उभे राहिले, आणि त्यांच्या बटणांची पट्टी मात्र कागदासाठी बनवलेल्या वर्ड प्रोसेसरवरून जशीच्या तशी उचलली गेली. आपल्या ९०० लेखांचा त्रास त्या उसन्या पट्टीतून आलेला आहे.

जुने लेख दुरुस्त कसे करावेत, हे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो.

प्रश्न: मथळ्याची शैली वापरली काय किंवा ओळ ठळक करून मोठी केली काय, वाचकाला दोन्ही सारखेच दिसते. मग फरक नेमका कोणाला पडतो? ठळक करण्याचे बटण वापरणेही चूक आहे का?

उत्तर: फरक पहिल्यांदा पडतो तो डोळ्यांनी न वाचणाऱ्याला. एनव्हीडीए किंवा जॉज यांसारखे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधन, वापरणारी व्यक्ती पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. ‘एच’ ही कळ दाबून ती एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारते आणि ‘२’ ही कळ दाबून केवळ दुसऱ्या पातळीच्या मथळ्यांवरून फिरते. आपण छापील लेख चाळताना नजरेने करतो तेच काम ती कळीने करते. ठळक आणि मोठी केलेली ओळ या कळीच्या दृष्टीने साधा परिच्छेद असते. त्यामुळे तुमच्या लेखात दहा उपमथळे असले तरी त्या व्यक्तीला लेखात एकही मथळा नाही असेच कळते. मजकुराची जी रचना रूपातून सूचित होते ती कोडमधूनही कळली पाहिजे, ही अट डिसेंबर २००८ मधल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अगदी पहिल्या, म्हणजे किमान पातळीवर घातलेली आहे. लेखाची अनुक्रमणिका आपोआप तयार करणारी साधने आणि शोधयंत्रेही मथळे याच खुणांवरून ओळखतात.

याची उलटी चूकही तितकीच आढळते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ‘मथळा २’ फार मोठा दिसतो म्हणून ‘मथळा ४’ निवडायचा, परिच्छेद जरा आत सरकावा म्हणून त्याला ‘अवतरण’ करायचे. येथे बटण अर्थाचे आहे, पण ते रूपासाठी वापरले आहे. याला मी लबाडी म्हणणार नाही, कारण लिहिणाऱ्याला त्या क्षणी ओळीचा आकार तेवढा दिसत असतो. तरीही असा लेख चाळणाऱ्याला दोन पायऱ्या गाळलेल्या जिन्यावरून उतरावे लागते. मथळा मोठा वाटत असेल तर स्टाइलशीटमध्ये सर्वच मथळ्यांचा आकार कमी करून घ्यावा.

ठळक करणे चूक नाही. तांत्रिकदृष्ट्या ‘स्ट्राँग’ हा टॅग महत्त्व सांगतो आणि ‘बी’ हा टॅग लक्ष वेधतो, पण महत्त्वाचा दावा करत नाही. असा फरक एचटीएमएलच्या आजच्या व्याख्येत आहे. परंतु एडिटरवरचे एकच बटण कधी एक टॅग घालते, कधी दुसरा. ब्राउझरांच्या जुन्या सोयीवर चालणाऱ्या एडिटरांत तर ब्राउझर बदलला की टॅगही बदलत असे. त्यामुळे या भेदावर लेखकाने रात्र जागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक स्क्रीन रीडर ठळक शब्द वेगळा वाचून दाखवत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. ‘अर्ज परत घेता येणार नाही’ हे खरोखरच महत्त्वाचे असेल, तर ते ठळक करून न थांबता वाक्यातही ‘महत्त्वाचे’ असे लिहावे.

प्रश्न: मी लेख वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून संकेतस्थळाच्या एडिटरमध्ये पेस्ट करते. एका परिच्छेदाची अक्षरे लहान, दुसऱ्याची मोठी, ओळींमधले अंतर कमी-जास्त, असे होते. एकदा तर पूर्ण लेखच ठळक झाला. ‘स्वरूप काढून टाका’ हे बटण दाबले तर उपमथळे आणि दुवेही जातात. यातून मार्ग काय?

उत्तर: आपण मजकूर कॉपी करता तेव्हा क्लिपबोर्डवर त्याच्या एकाहून अधिक प्रती एकाच वेळी ठेवल्या जातात. एक प्रत निव्वळ अक्षरांची असते, एक एचटीएमएलमध्ये सजवलेली, आणखी एखादी वर्ड प्रोसेसरांच्या आपापसांतल्या देवाणघेवाणीसाठी. साध्या पेस्टमध्ये एडिटर यांपैकी सजवलेली प्रत उचलतो. तिच्यात प्रत्येक परिच्छेदावर फॉन्टचे नाव, आकार, समास, ओळींमधले अंतर यांच्या चिठ्ठ्या असतात आणि शिवाय ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या खास नोंदी असतात, ज्या मायक्रोसॉफ्ट वर्डखेरीज कोणालाच उपयोगाच्या नाहीत. चार शब्दांच्या ओळीसोबत चारशे अक्षरांचे सामान येते ते असे. ओळींमधल्या अंतराची चिठ्ठी देवनागरीला विशेष नडते. अंतर पिक्सेलमध्ये बांधलेले असेल आणि वाचकाने अक्षरे मोठी केली, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार व वेलांट्या एकमेकांत घुसतात.

पूर्ण लेख ठळक होण्याचे कारण गमतीदार आहे. एका फार प्रचलित ऑनलाइन लेखनसाधनातून कॉपी केलेला सगळा मजकूर ‘बी’ या ठळकपणाच्या टॅगमध्ये गुंडाळलेला येतो आणि त्याच टॅगवर ‘जाडी साधी ठेवावी’ अशी चिठ्ठी लावलेली असते. म्हणजे दारावर ‘ठळक’ अशी पाटी आणि खाली बारीक अक्षरांत ‘तसे समजू नये’. तुमच्या संकेतस्थळावरची सफाई चिठ्ठ्या काढून टाकत असेल आणि टॅग तसेच ठेवत असेल, तर खालची बारीक ओळ पुसली जाते आणि वरची पाटी राहते. माझ्या एका लेखाचे असे झाले तेव्हा मी अर्धा तास ठळक करण्याच्या बटणावरच संशय घेत बसलो होतो.

मार्ग दोन आहेत. लेखात उपमथळे आणि दुवे मोजके असतील, तर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबून निव्वळ अक्षरे पेस्ट करावीत आणि मथळे, याद्या, दुवे एडिटरमध्येच पुन्हा द्यावेत. दहा मिनिटे जातात, पण लेख स्वच्छ होतो. लेख मोठा आणि दुव्यांनी भरलेला असेल, तर वर्ड प्रोसेसरमध्ये लिहितानाच तिथल्या ‘मथळा १’, ‘मथळा २’ या तयार शैली वापराव्यात आणि याद्या तिथल्या यादीच्या बटणानेच कराव्यात. बहुतेक चांगले एडिटर अशा शैली ओळखून त्यांचे योग्य टॅगांत रूपांतर करतात. हाताने आकार वाढवून केलेला मथळा ओळखण्याचे साधन मात्र त्यांच्याजवळ नसते. हाताने ‘१.’, ‘२.’ लिहून केलेली यादीही त्यांच्या लेखी आकड्यांनी सुरू होणारे परिच्छेदच असतात.

प्रश्न: मी कविता लिहितो. आपण म्हणता की मांडणी मजकुरापासून वेगळी ठेवावी. कवितेत मांडणीच अर्धी कविता असते. एडिटरमध्ये ओळी आत सरकवण्यासाठी मी स्पेस देतो. संगणकावर ते ठीक दिसते, पण फोनवर ओळी विस्कटतात.

उत्तर: आपला आक्षेप योग्य आहे. ओळ कुठे तुटावी हे कवीने ठरवलेले असते, म्हणून कवितेतली ओळ ही सजावट नसून मजकूरच आहे; गद्यात मात्र ओळ कागदाच्या किंवा पडद्याच्या रुंदीवर तुटते आणि तिच्याशी लेखकाचा संबंध नसतो. म्हणून एंटर आणि शिफ्टसह एंटर यांतला फरक गद्य लिहिणाऱ्याने विसरला तरी चालेल, आपण विसरू नये. एंटर दाबल्यावर नवा परिच्छेद, म्हणजे आपल्या दृष्टीने नवे कडवे सुरू होते. शिफ्टसह एंटर दाबल्यावर त्याच कडव्यातली पुढची ओळ. कडव्यांमध्ये जास्त अंतर हवे म्हणून दोनदा-तीनदा एंटर दाबू नये, कारण त्यातून रिकामे परिच्छेद साठतात. ते अंतर स्टाइलशीटकडून मागावे.

आता स्पेसबद्दल. एचटीएमएलमध्ये सलग दिलेल्या अनेक स्पेस एकच धरल्या जातात. म्हणून आपण स्पेसची कळ पाच वेळा दाबली की एडिटर तिथे ‘न तुटणारी स्पेस’ नावाची निराळी अक्षरे पेरतो. ती नावाप्रमाणे ओळ तुटू देत नाहीत, आणि अरुंद पडद्यावर पुढचे शब्द भलत्याच जागी ढकलले जातात. कडव्यातली प्रत्येक दुसरी ओळ आत घ्यायची, असा नियम असेल, तर तो खराच सजावटीचा नियम आहे; ‘कविता’ नावाची एक शैली करून घेऊन तो तिच्यात लिहून टाकावा. प्रत्येक ओळीचे स्थान आपण वेगळे ठरवले असेल, शब्दांमधली मोकळी जागाही बोलत असेल, तर त्या जागा मजकूर म्हणूनच जपल्या पाहिजेत. त्यासाठी स्टाइलशीटमध्ये ‘स्पेस आहेत तशा ठेवाव्यात’ असा गुणधर्म आहे, आणि वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये तर पद्यासाठी वेगळा ठोकळाच दिलेला आहे. इतक्यावरही फारच रुंद ओळ फोनवर तुटेल. तिथे पुढच्या भागाला थोडा समास देऊन ती जुनीच ओळ आहे हे दाखवता येते; छापील कवितासंग्रहांतही लांब ओळीचे हेच करतात.

प्रश्न: आमच्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर वीस-पंचवीस जण लिहितात. रंग, फॉन्ट आणि आकार ही बटणे काढून टाकावीत असे मी सुचवले, तर लेखकांनी ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असे विचारले. आपला सल्ला काय?

उत्तर: काढून टाकावीत. मात्र काढण्याआधी लेखक ती बटणे का वापरतात, हे पाहावे. माझ्या अनुभवात त्याची दोन कारणे असतात. पहिले म्हणजे एडिटरची चौकट दिसायला दरिद्री असते: बारीक अक्षरे, ओळी दाटलेल्या, मथळा आणि परिच्छेद यांत धड फरक नाही. लेख प्रसिद्ध झाल्यावर कसा दिसणार हे लेखकाला दिसत नाही, म्हणून तो चौकटीतच तो सजवू लागतो. संकेतस्थळाची स्टाइलशीट एडिटरच्या आतही लागू करता येते आणि टायनीएमसीई, सीकेएडिटर यांसारख्या बहुतेक एडिटरांत त्याची सोय आहे. लिहिताना मथळा मथळ्यासारखा दिसू लागला की आकाराच्या बटणाकडे हात जायचा बराचसा थांबतो.

दुसरे कारण अधिक खरे आहे. लेखकाला काही तरी सांगायचे असते आणि त्यासाठी रंगाखेरीज त्याच्याजवळ काही नसते. ‘ही मुदतीची सूचना आहे’, ‘हे संपादकांनी घातलेले आहे’, ‘हा उताऱ्याचा सारांश आहे’. अशा गरजा पाच-सहाच निघतात. त्या शोधून प्रत्येकीसाठी नाव असलेली एक शैली पट्टीवर ठेवावी. येथे नाव देताना चूक होते. ‘लाल चौकट’ असे नाव दिले की रूप पुन्हा मजकुरात शिरलेच, आणि पुढे ती चौकट पिवळी झाली की नाव खोटे पडते. ‘सूचना’, ‘संपादकीय टीप’, ‘सारांश’ अशी नावे द्यावीत. लेखकाच्या दृष्टीने बटणे कमी झाली असे न होता, त्याला हवी होती ती बटणे आली असे व्हायला हवे.

नुसती बटणे काढून भागत नाही, कारण पेस्टची वाट उघडीच राहते. म्हणून कोणते टॅग आणि कोणते गुणधर्म आत येऊ द्यायचे याची यादी एडिटरला द्यावी. सीकेएडिटरने २०१३ साली ४.१ या आवृत्तीत अशी चाळणी आणली, जी पट्टीवर असलेल्या बटणांवरूनच काय आत येऊ द्यायचे ते ठरवते. प्रोझमिररसारखे नंतरचे एडिटर तर आधी रचनेचा आराखडा मागतात आणि त्यात न बसणारी गोष्ट साठवतच नाहीत. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. तरीही सर्व्हरवर वेगळी सफाई ठेवावीच. एडिटर वाचकाच्या किंवा लेखकाच्या ब्राउझरमध्ये चालतो, त्याला वगळून थेट सर्व्हरकडे काहीही पाठवता येते, आणि तिथे प्रश्न मजकुराच्या रूपाचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

विश्वासाच्या प्रश्नाचे उत्तर: छापील अंकाला लेख देताना लेखक टाइप आणि त्याचा पॉइंट ठरवत नाही, आणि त्याला तो अविश्वास वाटत नाही.

प्रश्न: ‘वि शे षां क’ अशी अक्षरे सुटी करून दिलेला मथळा शोधात सापडत नाही. काय करावे?

उत्तर: अक्षरांमध्ये स्पेस टाकल्यावर ‘विशेषांक’ हा शब्दच उरत नाही, चार एकाक्षरी शब्द उरतात आणि स्क्रीन रीडरही ते चार तुकड्यांतच वाचतो. अक्षरांमधले अंतर स्टाइलशीटमधून वाढवता येते, पण देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते. मथळा उठून दिसावा यासाठी त्यापेक्षा जाडी किंवा आकार बदलावा. आणखी एक गोष्ट: पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद आहे ना, हे पाहून घ्यावे. काही देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे दिलेली असतात आणि ती या नोंदीवरूनच निवडली जातात. स्क्रीन रीडरही मराठी आवाज लावायचा की हिंदी, हे तिच्यावरूनच ठरवतो. वळण सजावटीचे असले तरी भाषा ही मजकुराची गोष्ट आहे.

प्रश्न: जुना लेख एडिटरमध्ये उघडून ‘स्वरूप काढून टाका’ दाबले आणि मराठी लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागला. लेख गेला का?

उत्तर: गेला नाही, तो आधीपासून तसाच होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. साठवलेली होती ती रोमन अक्षरे आणि मराठी होता तो केवळ फॉन्ट. सजावट काढली आणि भाषाच निघून गेली, याहून ठळक उदाहरण मला देता येणार नाही. त्या फॉन्टचे नाव जुन्या प्रतीत नोंदलेले असेल. त्या नेमक्या फॉन्टसाठीचे परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि त्यानंतरच स्वरूप काढावे. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी. परिवर्तक बहुधा तिथेच चुकतात.

प्रश्न: (पहिल्याच पत्रातून) आमचे ९०० लेख एकदम साफ करून घ्यावेत का?

उत्तर: एकदम नको. आधी सगळ्या लेखांची एक प्रत बाजूला ठेवावी. मग लेखांमध्ये सजावटीच्या कोणकोणत्या चिठ्ठ्या आहेत आणि प्रत्येक किती वेळा आली आहे, याची मोजणी रचनाकारांकडून करून घ्यावी. वेगवेगळ्या चिठ्ठ्या शेकड्यांनी निघतील, पण त्यांतल्या थोड्याच पुन्हा पुन्हा येत असतात, असे अशा कामात नेहमी दिसते. फॉन्टचे नाव, काळा रंग, पांढरी पार्श्वभूमी, ओळींमधले अंतर आणि रिकामे परिच्छेद हे सर्वत्र निर्धास्तपणे काढता येतील. अपवाद फक्त वरच्या उत्तरातल्या जुन्या फॉन्टांचा, ते लेख आधी वेगळे काढावेत. एवढ्यानेच गडद पार्श्वभूमीचा प्रश्न जवळजवळ मिटेल. जो परिच्छेद संपूर्ण ठळक आहे, मोठ्या आकाराचा आहे आणि एकाच ओळीचा आहे, तो मथळा असण्याचा संभव मोठा. अशांची यादी काढून माणसाने नजर टाकावी आणि मग त्यांना ‘मथळा २’ करावे. ही कामे ‘शोधा आणि बदला’ने करू नयेत. एकात एक गुंतलेले टॅग त्याला उलगडत नाहीत, आणि उघडलेला एखादा टॅग बंदच न झाल्याने उरलेले पान बिघडते. टॅगांची रचना समजून घेणारी साधने रचनाकारांजवळ असतात.

काळा सोडून उरलेले रंग मात्र यंत्राच्या हाती देऊ नयेत. आपल्या जुन्या लेखांत एखादे वार्षिक कार्यक्रमपत्रक असेल आणि त्यात रद्द झालेले कार्यक्रम लाल केलेले असतील. खाली कुठे ‘लाल रंगातील कार्यक्रम रद्द’ अशी ओळ असेल, नसेलही. रंग पुसला की रद्द झालेले सगळे कार्यक्रम पुन्हा सुरू होतात. असे पत्रक सापडले तर लाल ओळीच्या शेवटी ‘रद्द’ हा शब्द लिहावा आणि मगच रंग काढावा.